हिनर्कचं वाक्य

रोसविटा बोनझाकच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं ती म्हणते. मला तसं वाटत नाही. कधी ना कधी कुणीतरी तिला ते ऐकवलंच असतं. पण ऐकवलं ते टोर्बेननं, आणि तेव्हा मी तिथे होते.

आम्ही दोघी हॅम्बुर्गच्या आल्टोनात एकाच जिन्यात राहतो. ती वर, मी खाली. तिच्या घराची किल्ली माझ्याकडे असते, माझी तिच्याकडे. मी बेकरीत उभी राहून म्हातारी झाले, ती कचेऱ्यांमधून बसून. माझं लग्न टिकलं नाही, तिचं टिकलं. तिचा हिनर्क जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिची मुलगी वीब्के दूर फ्रायबुर्गला असते. त्यामुळे ऑपरेशननंतर तिला ल्युनेबुर्गच्या माळरानावरच्या एका आरोग्यकेंद्रात पाठवलं, तेव्हा रविवारी भेटायला जायचं काम माझंच.

मी गेले तेव्हा टोर्बेन तिचा गुडघा वाकवत होता. तिथला व्यायाम करून घेणारा तो. पंचेचाळिशीचा, दाढीवाला, हात फावड्यासारखे मोठे, पण बोलायला गोड. रोसविटा नेहमीप्रमाणे कुरकुरत होती.

"टीव्हीवर नुसते खून आणि स्वयंपाक," ती म्हणाली. "आणि खोलीत माझ्याबरोबर जी आहे ती फक्त आपल्या पित्ताशयावर बोलते."

"बोनझाकबाई, तुम्ही जुने गेम का नाही खेळत?" टोर्बेन म्हणाला. "माझा जुना लॅपटॉप देतो. त्यावर सगळे घालून ठेवलेत."

"मी सदुसष्ट वर्षांची आहे, टोर्बेन."

"म्हणून तर म्हणतो. यात पळायचं नाही, गोळ्या झाडायच्या नाहीत, मरायचंसुद्धा नाही. समोर एक चित्र असतं. त्यातल्या वस्तूंवर टिचकी मारायची. बादली उचल, दोरी उचल, दोरी बादलीला बांध. आणि प्रत्येक टिचकीला त्यातला गडी असं काही बोलतो की पोट दुखेपर्यंत हसाल. असे आता कुणी करतच नाही हो. मी तर बाजारात जुन्या सीड्या धुंडाळतो, नेटवर लोकांना विचारत बसतो, की बाबांनो, हसवणारं काही राहिलंय का खेळायचं?"

"आणि मी कुठून सुरुवात करू?"

"'सर्कस गेली पुढच्या गावाला'. दुसरं काही नाही, आधी ते."

रोसविटाचा पाय एकदम ताठ झाला. त्याला वाटलं, जास्त वाकवला.

"दुखलं का?"

"नाही. त्यात असतं काय?"

टोर्बेन खुलला. सर्कशीत सुरे फेकणारा एक माणूस आहे, त्याचा चष्मा हरवलाय. तो झोपलेला असताना सर्कस त्याला मागे टाकून निघून जाते. आता त्यानं गावोगाव लटपटी करत तिला गाठायचं. "त्याच्याकडे एक पोतं असतं, मिळेल ते त्यात टाकायचं. पण सुरुवातीला पोतं रिकामं असतं. त्यावर टिचकी मारली ना, की तो पोत्यात बघतो, मग आपल्या तळव्यांकडे बघतो, आणि म्हणतो," टोर्बेननं आवाज जाड केला, "'हात रिकामे झाले. आता निदान खिशात तरी घालता येतील.'"

पलीकडे खांदा बांधलेला एक माणूस रबराची पट्टी ओढत होता. तो मान न वळवता म्हणाला, "'खिसा फाटका आहे. हात पार गुडघ्यापर्यंत जातो.'"

दोघं अनोळखी पुरुष शाळेतल्या मित्रांसारखे हसले. रोसविटा छताकडे बघत होती.

"ते मी लिहिलंय," ती म्हणाली.

"हो ना," टोर्बेन म्हणाला, "आणि एल्बे नदीखालचा बोगदा मी खणलाय. चला, दुसरा गुडघा."

 पण त्या वाक्याबद्दल मला जे ठाऊक होतं ते त्या खोलीत रोसविटाखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. मी ते हिनर्कच्या तोंडून ऐकलं होतं.

हिनर्क गोदीत वेल्डर होता. त्र्याऐंशी साली ती गोदी बंद पडली. शेवटच्या दिवशी दुपारी मी वर रोसविटाकडे आलुबुखाऱ्याचा केक घेऊन गेले होते, म्हणजे घरात काहीतरी गोड असावं म्हणून. तो आला, हेल्मेट स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि उभाच राहिला. रोसविटानं विचारलं, "आता?" त्यानं दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले, जणू दुसऱ्या कुणाचे आहेत, आणि म्हणाला, "हात रिकामे झाले. आता निदान खिशात तरी घालता येतील." मग खरंच खिशात घातले आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. आम्ही दोघी हसलो नाही.

त्यानंतर त्याला धड काम मिळालं नाही. रोसविटानं वांड्सबेकला इंगोल्फ टीमानच्या कचेरीत नोकरी धरली. हा टीमान अमेरिकेतून कॉम्प्युटरचे गेम आणून इकडे विकायचा. रोसविटा पूर्वी जहाजांच्या दलालाकडे होती, तिचं इंग्रजी चांगलं. टीमानचं बेताचं. 'सर्कस' आलं तेव्हा त्यानं वाक्यांचा गठ्ठाच तिच्यापुढे टाकला. "रोझी, तू कच्चं करून दे, मी त्यावर हात फिरवतो."

ती ते कागद घरी आणायची. नुसती वाक्यं, एकाखाली एक. कोण बोलतंय, कुणाला, कशावर, काही पत्ता नाही. एका ओळीत फक्त 'अडकलं' एवढंच. दार अडकलं, की घशात काही?

"दोन्हीला चालेल असं लिही," हिनर्क बटाटे सोलता सोलता म्हणायचा. अमेरिकन विनोद आपल्या भाषेत आणले की मरून पडायचे. मग ती तो विनोद टाकून द्यायची आणि विचारायची, "हिनर्क, माणसानं बंद दुकान ढकललं तर काय म्हणेल?" तो काहीतरी म्हणायचा. कामधंदा नसलेल्या माणसाकडे अशी उत्तरं तयार असतात. ती हसून हसून लिहायची. मला खालच्या मजल्यावर ऐकू यायचं. त्या घरात इतकं हसणं गोदी बंद झाल्यापासून नव्हतं.

रिकाम्या पोत्यापाशी आली तेव्हा तिनं त्याला विचारलं नाही. तिला आठवलं, आणि तिनं लिहिलं. पुढचं फाटक्या खिशाचं तिनं स्वतःचं जोडलं.

टीमाननं हात फिरवला म्हणजे चारदोन स्वल्पविराम हलवले. खोक्यावर छापून आलं: 'जर्मन संवाद – इंगोल्फ टीमान'. रोसविटा काय बोलणार? घरात तेवढाच एक पगार होता.

नाताळला कचेरीतून तिला एक खोका मिळाला. वीब्केनं मैत्रिणीचा कॉम्प्युटर उचलून आणला. हिनर्क तिच्या मागे खुर्ची टाकून बसला, स्वतःची वाक्यं ऐकायची म्हणून उत्सुक. बंद दुकान आलं, तो मांडीवर थाप मारून हसला. मग वीब्केनं पोत्यावर टिचकी मारली. चित्रातल्या त्या गबाळ्या माणसानं तळवे पाहिले.

हिनर्क उठला, कोट घातला आणि बाहेर गेला. जेवायच्या वेळेला परत आला. त्या विषयावर तो तेव्हाही बोलला नाही आणि पुढे कधीही नाही. पण त्यानंतर ओठांवर काही गमतीचं आलं की तो आधी रोसविटाकडे बघायचा, आणि गिळून टाकायचा. माझ्यासमोर बोलायचा, दारूच्या गुत्त्यात बोलायचा. तिच्यासमोर नाही. तिनं हे मला एकदाच सांगितलं, ओल्सडॉर्फच्या दफनभूमीत हिनर्कला निरोप देऊन परत आल्यावर, पाहुणे कॉफी पिऊन गेल्यानंतर.

तर आता तिच्या हातात टोर्बेनचा लॅपटॉप होता. पुढच्या रविवारी मी गेले तर तिनं खेळ उघडलासुद्धा नव्हता. त्याऐवजी टोर्बेननं दाखवलेली एक चर्चा ती वाचत बसली होती. कुणीतरी विचारलं होतं: जुन्यातला सगळ्यांत विनोदी गेम कुठला, सुट्टीत खेळायचाय. खाली शेकड्यानं उत्तरं. बहुतेकांचं एकच.

"वाच हे," ती म्हणाली.

मी चष्मा लावून वाचलं. 'जर्मन भाषांतर मुळापेक्षा भारी आहे.' 'बाबा वारले तेव्हा भावानं शवपेटीशी रिकाम्या हातांचं वाक्य म्हटलं, आम्ही रडता रडता हसलो.' 'टीमान म्हणजे देवमाणूस.' 'टीमानसारखं दुःखाला हसवणं कुणाला जमलं नाही.'

"दुःखाला हसवणं," रोसविटा म्हणाली. "त्याला स्वतःच्या आईच्या वाढदिवसाचं कार्डसुद्धा मी लिहून द्यायचे."

गेमची नवी आवृत्ती येणार होती, चित्रं नव्यानं रंगवून. शरद ऋतूत हानोफरला चाहत्यांचा मेळावा होता आणि टीमान तिथे बोलणार होता. टोर्बेन जाणार होताच. "चला की," तो म्हणाला. "तुम्हीच सांगा त्यांना, बोनझाकबाई." त्यानं ते चेष्टेनं म्हटलं. तिनं होकार दिला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मी तिला गाडीत विचारलं, "तिथे जाऊन करणार काय आहेस?"

"बघणार आहे."

"नुसतं बघायला गुडघा घेऊन एवढ्या लांब?"

"गेशे, तुला यायचं नसेल तर उतर."

सभागृह भरलं होतं. टोर्बेनच्या वयाचे लोक, पोटं सुटलेली, केस गेलेले, पण चेहऱ्यावर शाळेच्या सहलीचा आनंद. कितीजणांनी पुठ्ठ्याचे सुरे कमरेला खोचले होते. मागे बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज मिळत होते. ओळखदेख नसलेले लोक एकमेकांना टेबलावर विचारत होते, तू हा खेळलास का, तो खेळलास का, आणि सापडलं की मिठ्या मारत होते. माणसं वाईट नव्हती. हे मला आधी सांगून टाकू दे.

आणि जिकडे बघावं तिकडे टी-शर्ट. काळ्या कापडावर पांढऱ्या अक्षरात हिनर्कचं वाक्य. एका गरोदर बाईच्या पोटावर ते ताणून बसलं होतं.

टीमान मंचावर आला तेव्हा सगळे उभे राहिले. पांढरे केस, गळ्यात लाल रुमाल, म्हातारपण त्याला शोभून दिसत होतं. तो छान बोलला. मग प्रश्न सुरू झाले आणि एका मुलीनं विचारलं, रिकाम्या हातांचं ते वाक्य सुचलं कसं?

 टीमाननं डोळे मिटले.

"मी स्वयंपाकघरात होतो," तो म्हणाला. "कांदा चिरत होतो. डोळ्यांतून पाणी वाहतंय. सुरी ठेवली, हात पुसले, आणि कुठे ठेवावेत कळेना. खिशात घातले. आणि ते वाक्य आलं. आपोआप."

 रोसविटा कुबडीवर जोर देऊन उठली.

"कुठल्या स्वयंपाकघरात, इंगोल्फ?"

त्यानं दिव्यांच्या झोतामुळे डोळ्यांवर हात धरून खाली पाहिलं. क्षणभर त्याचा चेहरा कोरा झाला, आणि मग तो असा उजळला की मला वाटलं याला खरंच आनंद झालाय.

"रोझी! माणसं हो, ही आमची रोझी! माझं सगळं हिनं टाइप केलंय! माझं अक्षर जगात फक्त हिलाच लागायचं!"

टाळ्यांचा कडकडाट. लोक वळून वळून बघायला लागले. कुणीतरी तिच्या हातात माइक दिला.

"मी टाइप नाही केलं," रोसविटा म्हणाली. "मी लिहिलं. ते वाक्य माझ्या नवऱ्याचं आहे. गोदी बंद झाली त्या दिवशी घरी येऊन तो तसं म्हणाला."

ती हे अगदी सरळ, कोरड्या आवाजात बोलली. आमच्याकडे हॅम्बुर्गला माणूस चेष्टा करतो तीही अशाच आवाजात. मागच्या रांगेत कुणीतरी खुदकलं, आणि मग हसू पुढे पसरत आलं.

"आणि खिसा?" एकजण ओरडला.

"खिसा माझा," ती म्हणाली. "तो मी जोडला."

अख्खं सभागृह हसून कोसळलं. मी तिच्या कोपराला धरलं, तिनं झटकलं.

"बघा!" टीमान मंचावरून म्हणाला. "हे असं होतं आमच्या कचेरीत. रोज हसून हसून मरायचो आम्ही."

"तू कधी हसला नाहीस, इंगोल्फ. तू एकेक ओळ वाचायचास आणि मला विचारायचास, रोझी, हे विनोदी आहे का? मी हो म्हटलं की मग हसायचास."

एवढं मोठं हसू त्या दिवशी दुसऱ्या कशालाच मिळालं नाही. लोक डोळे पुसत होते. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "कसली जोडी आहे ही!" एका मुलीनं धावत येऊन रोसविटाच्या गळ्यात हात टाकले आणि तिला एक टी-शर्ट दिला. मोठ्या मापाचा.

ती खाली बसली. माइक कुणीतरी घेऊन गेलं.

मधल्या वेळात टीमान स्वतः कॉफीचे कप घेऊन आमच्या टेबलाशी आला. टोर्बेन अदबीनं उठला. टीमाननं त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि रोसविटाजवळ बसला.

"तू तेव्हा का नाही बोललीस?" त्यानं हळू आवाजात विचारलं. आवाजात राग नव्हता.

"हिनर्कला काम नव्हतं."

"मग झालं तर. तुला काम होतं, मला नाव मिळालं. तेव्हा दोघांचंही भागलं." त्यानं कॉफीत साखर ढवळली. "नव्या आवृत्तीत तुझं नाव घालायला सांगू? साहाय्य म्हणून?"

"हिनर्कचं घाल."

"रोझी, लोक विचारतील हा कोण."

"सांग त्यांना."

त्यानं चमचा बशीत ठेवला. मग म्हणाला, "मला तो कांदा आठवतो गं. शपथेवर सांगतो. इतक्या वर्षांत इतक्यांदा सांगितलंय, मला आता त्याचा वाससुद्धा येतो." आणि तो उठून गेला, कारण लोक फोटोसाठी रांग लावून उभे होते.

परतीच्या वाटेवर टोर्बेन गाडी चालवत होता. जोल्टाउ गाव मागे पडल्यावर तो म्हणाला, "माझा विश्वास आहे तुमच्यावर, बोनझाकबाई."

"बरं."

"त्याचा चेहरा पाहिला मी, तुम्ही उठलात तेव्हा." त्यानं एका ट्रकला मागे टाकलं. मग म्हणाला, "एक सांगू का? रागावू नका. माझे आईबाप वेगळे झाले तेव्हा मी चौदाचा होतो. तो गेम मी रोज खेळायचो. पण आता कळलं ना, की ते खऱ्या माणसाचं आहे, खरंच गोदीवरून घरी आलेल्या… आता मला ते वाक्य ऐकून हसू येणार नाही."

"आम्हालाही आलं नव्हतं," रोसविटा म्हणाली.

त्यानं आम्हाला दारापर्यंत सोडलं, तिची पिशवी वर नेऊन दिली. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. लॅपटॉप तिनं पार्सलनं परत पाठवला.

नवी आवृत्ती वसंतात आली. वीब्केनं फ्रायबुर्गहून विकत घेऊन शेवटची नावं बघितली. 'जर्मन संवाद – इंगोल्फ टीमान'. साहाय्यातही कुणी नाही. वीब्के फोनवर चिडून बोलत होती, वकील करू म्हणत होती. तिला बापाचं ते कोट घालून निघून जाणं आठवत होतं, पण कारण ठाऊक नव्हतं, आणि रोसविटानं तेव्हाही सांगितलं नाही.

"वकिलाला काय दाखवू?" ती म्हणाली. "बटाट्याची सालं?"

पुढच्या हिवाळ्यात टीमान गेला. हृदयविकारानं, झोपेत. चाहत्यांचं पान चालवणाऱ्या तरुणाचा रोसविटाला फोन आला. मी तिथेच मटारचं सूप पीत होते, तिनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला. तो मुलगा गहिवरला होता. म्हणाला, त्या कचेरीतल्या आता तुम्ही एकट्याच उरलात, श्रद्धांजलीच्या व्हिडिओसाठी दोन शब्द बोला. शक्यतो काहीतरी हसवणारं. त्यांना तसंच आवडलं असतं.

रोसविटानं तोंड उघडलं आणि मिटलं. ती माझ्याकडे बघत होती, पण मला बघत नव्हती. मला वाटलं, आता ही बोलेल. सगळं पहिल्यापासून सांगेल, आणि या वेळी सभागृह नाही, हसणारं कुणी नाही. फोनमधून त्या मुलाचा श्वास ऐकू येत होता.

"नाही," ती म्हणाली. आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी व्हिडिओ आला. खाली एक ओळ होती: टीमान यांच्या जुन्या सहकारी रोझी यांच्याशी आम्ही बोललो, पण शोकावेगामुळे त्यांना एकही शब्द बोलवला नाही.

लोकांनी तिच्यासाठी भरभरून लिहिलं. रोझी, धीर धरा. रोझी, आम्ही तुमच्याबरोबर आहोत. पत्ता त्यांनी कुठून मिळवला देव जाणे, पण शनिवारी फुलांचा मोठा गुच्छ आला, पांढरी लिली. सही करून मीच घेतला, कारण तिला जिने उतरवत नव्हते.

मी वर घेऊन गेले. तिनं दारातच पाहिला.

"खाली ने तुझ्याकडे," ती म्हणाली. "माझ्याकडे फुलदाणी नाही."

तिच्याकडे तीन आहेत. त्यातली एक मी दिलेली. मी गुच्छ खाली आणला आणि बादलीत ठेवला, आणि आठवडाभर माझ्या घरात त्या लिलीचा वास भरून राहिला.